सहाला घरी

सोलापूरच्या बुधवार पेठेत येऊन बुद्धप्रियाबाईंचं घर विचारलंत तर लोक आधी तुमच्याकडं नुसतं बघतील. मग कुणीतरी म्हणेल, "टेन्सवाल्या बाई व्हय? मग तसं विचारा की." आणि बोळातून घेऊन जाऊन थेट दारात उभं करील. हे नाव कुणी कौतुकानं ठेवलं की वैतागून, देव जाणे. पण ज्या पोराच्या डोक्यात इंग्रजीतले काळ काही केल्या शिरत नाहीत त्याला नेऊन बाईंच्या पुढ्यात बसवायचं, हे पेठेत ठरूनच गेलेलं होतं. बाईंचा आवाजही असा खणखणीत की त्या भूतकाळ शिकवायला लागल्या की समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही तो पाठ व्हायचा.

बाईंचं एक म्हणणं होतं आणि ते त्या प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी ऐकवायच्या. "स्पेलिंग चुकलं तर हसतील, उच्चार चुकला तर हसतील. हसू देत. पण गोष्ट कधीची आहे ते चुकायचं नाही. झालेलं नसताना झालं म्हणालात, तर ती चूक नसते, ते खोटं असतं." पोरं माना डोलवायची. त्या वयात पोरं कशालाही माना डोलवतात.

बाईंनी पहिला जो विद्यार्थी घडवला तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, दिपक. वडील कापडगिरणीत होते, गिरणी बंद पडली, पुढं कुठंकुठं हमाली करत राहिले. आई धुणीभांडी करायची. म्हणजे दिपकच्या अभ्यासाकडं बघणार कोण, तर ताई. आणि दिपक म्हणजे इंग्रजीच्या नावानं आनंदी आनंद. नियम सांगितला की डोळे मिटायचा. शेवटी बाईंनी एक युक्ती काढली. नियमबियम जाऊ देत, म्हणाल्या, एकच वाक्य घे आणि तेच सगळ्या काळांतून फिरव. मी आंबा खातो, मी आंबा खाल्ला, मी आंबा खाल्लेला आहे, मी आंबा खाईन. पठ्ठ्यानं आंब्याचं वाक्य असं घोटलं की दहावीला इंग्रजीत चक्क पास झाला. त्या दिवशी बाईंनी पेठेत पेढे वाटले. एक वाक्य पाठ असलं की माणूस तरून जातो, हे दिपकनं मात्र जन्माचं लक्षात ठेवलं.

पुढं बाई एका खाजगी शाळेत लागल्या. बरीच वर्षं कंत्राटावर काढली, आज ना उद्या कायम करतील म्हणून. मग संस्थेत नवे लोक आले आणि त्यांनी बाईंच्या तोंडाला पानं पुसली. बाई घरी आल्या, शिकवण्या वाढवल्या, कुणाकडं रडल्या नाहीत. दिपकचं तोवर चांगलं चाललं होतं. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, त्याच्या ऑफिसात तो कामगारांचं बघणारा साहेब झाला होता. लग्न झालं, विजापूर रोडला फ्लॅट झाला. बायको प्रतिक्षा गुणी होती. ताईला अधूनमधून साडी यायची. बाईंना या भावाचा किती अभिमान होता म्हणून सांगू! त्याचं नाव निघालं की त्यांचा खणखणीत आवाजसुद्धा मऊ व्हायचा.

तर एका संध्याकाळी दिपक शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर ताव मारता मारता म्हणाला, "ताई, आमच्या शिलाईच्या बायांना इंग्रजी शिकवशील? मालकांच्या मनात आहे. पगार शाळेपेक्षा बरा देतील."

"त्यांना कशाला रे इंग्रजी?"

"परदेशी पाहुणे येतात. माल त्यांच्याकडंच जातो. बाया दोन वाक्यं बोलल्या तर पाहुणे खूश होतील, मोठी ऑर्डर देतील. मोठी ऑर्डर आली की मालक दुसरी पाळी काढणार. दुसरी पाळी निघाली की या बायांना संध्याकाळी सहाला सुट्टी. आता आठ-आठ वाजतात बिचाऱ्यांना."

बाईंच्या मनाला ते भिडलं. स्वतःची आई रात्री धुणीभांडी आटपून यायची ते त्या विसरल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी खडूचा डबा घेऊन त्या कारखान्यात हजर झाल्या.

पॅकिंगच्या खोलीत सतरंजी टाकून वर्ग भरला. पाच ते सहा. बाया कशा बसल्या होत्या म्हणता! पदर तोंडावर, डोळे जमिनीवर. निम्म्या घरात तेलुगू बोलणाऱ्या, काही कानडी, बाकी आपल्या मराठी. बाईंनी फळ्यावर काळांची नावं लिहिली तशी मागून एक बाई शांतपणे म्हणाली, "बाई, हे आमच्या बाच्यानं बी हुयाचं न्हाय. आमाला जाऊ द्या, शिलाई ऱ्हायलीय."

ही मायाक्का. धनगराची, मंगळवेढ्याकडची. नवरा सिदू मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने रानोमाळ हिंडायचा. ही पोरीच्या शाळेसाठी सोलापुरात भाड्याच्या खोलीत राहिलेली. पोरगी राजनंदिनी, नववीत. बाकीच्या बायांत मायाक्काच्या शब्दाला वजन होतं. ती बसली तर सगळ्या बसायच्या, ती उठली की सगळ्या उठायच्या.

बाईंनी फळा पुसून टाकला. मायाक्काला तिच्या मशीनपाशी घेऊन गेल्या. मशीनच्या डाव्या हाताला कडा मारायच्या राहिलेल्या टॉवेलांचा गठ्ठा, सुईखाली एक टॉवेल, उजव्या हाताला शिवून झालेल्यांचा गठ्ठा. "हे उजवीकडचं काय झालं?" बाईंनी विचारलं. "शिवून झालं की." "सुईखालचं?" "शिवतोय." "डावीकडचं?" "शिवायचं हाय." बाई म्हणाल्या, "मायाक्का, झाले तुमचे तीन काळ. इंग्रजांना यापेक्षा जास्त काही येत नाही." मायाक्का पहिल्यांदा हसली. मग काय, सगळ्याच बसल्या. उजवा हात केला की झालेलं, मधे धरला की चाललेलं, डावा केला की व्हायचंय. बाई हात दाखवायच्या आणि बाया वाक्य बोलायच्या.

वाक्य दिपकनं दिलं. "ताई, आपल्या आंब्यासारखं एकच घे आणि सगळ्या काळांतून फिरव. बायांच्या मनातलं घे, म्हणजे पटकन पाठ होईल. आम्ही सहाला घरी जातो, हे घे."

आणि खरंच की हो, त्या वाक्यानं बायांना वेड लावलं. वुई गो होम ॲट सिक्स. वुई वेंट होम ॲट सिक्स. वुई हॅव ऑलवेज गॉन होम ॲट सिक्स. मशीनवर पाय मारता मारता पुटपुटायच्या, शेअर रिक्षात पुटपुटायच्या. मायाक्का घरी जाऊन राजनंदिनीला म्हणून दाखवायची आणि पोरगी तिचे उच्चार दुरुस्त करायची. मायाक्का एकदा बाईंना म्हणाली, "म्हनताना लई ग्वाड लागतंय बगा. नळाला पानी येतंय सांजंचं, ती बी चार-पाच दिसाआड. पोरगी एकलीच भांडणाच्या गर्दीत हांडं भरती. मी सहाला घरी असलो तर ती तेवढा येळ पुस्तक तरी धरंल."

पण सहा वाजले की सतरंजी गुंडाळली जायची आणि बाया घरी न जाता परत मशीनवर बसायच्या. बाईंना ते टोचायचं. एक दिवस त्यांनी दिपकला गाठलंच.

"दिपक, हे वाक्य खोटं आहे रे. या तर आठला जातात."

दिपक हसला. "ताई, उदाहरण आहे ते. शाळेत तू पोरांना शिकवायचीस, आम्ही विमानानं काश्मीरला जातो. कोण गेलं होतं काश्मीरला?"

बाईंनाही हसू आलं. खरंच होतं की. उदाहरणाला कोण खरंखोटं विचारतं? आणि सांगणारा कोण, तर दिपक. बाई गप्प बसल्या. मला विचाराल तर त्यांनी तिथंच पाय रोवायला हवे होते, पण आपण मागाहून शहाणे. सख्ख्या भावाच्या बोलण्यावर कुणी भिंग धरून बसत नाही.

पाहुणे यायचा दिवस उजाडला. आवारात पाणी मारलेलं, दारात रांगोळी, बायांना नवे कोरे एप्रन. पाहुणी गोरी, उंच, मोठ्या मनाची दिसत होती. बरोबर त्यांच्याच कंपनीच्या दिल्लीच्या ऑफिसातली एक तरुण मुलगी, हातात मोबाइल. मालकांनी त्यांना आणलं ते थेट वर्गातच. दिपक पुढं होऊन म्हणाला की दुभाषी लागणारच नाही, आमच्या बाया स्वतः बोलतात, काय हवं ते विचारा.

पाहुणी सतरंजीवर मांडी घालून बसली. बायांना ते फारच आवडलं. तिनं सावकाश, एकेक शब्द सोडवून विचारलं, तुम्ही घरी किती वाजता जाता?

बायांनी बाईंकडं पाहिलं. आणि बाईंचा हात, सवयीनं म्हणा, अभिमानानं म्हणा, आपोआप वर आला. मधे धरला. "वुई गो होम ॲट सिक्स," सगळ्या एका सुरात. उजवीकडं नेला. "वुई वेंट होम ॲट सिक्स." आणखी उजवीकडं. मायाक्का सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाली, "वुई हॅव ऑलवेज गॉन होम ॲट सिक्स." एक अक्षर चुकलं नाही. पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली की इतकी वर्षं मी कारखाने बघते, कामगारांच्या तोंडून त्यांच्याविषयी सरळ आज पहिल्यांदाच ऐकलं. दिल्लीच्या मुलीनं सगळं मोबाइलमध्ये घेतलं. बाईंचा ऊर भरून आला होता. बाया त्यांच्या पाया पडायला लागल्या तशा त्या मागं सरकल्या, म्हणाल्या, पाया पडायचं नाही, जयभीम म्हणायचं. त्या दिवशी कारखान्यातून घरी जाताना बाईंना वाटलं, आयुष्यात एक काम मनासारखं झालं.

ऑर्डर आली. मोठी आली. पेढे वाटले.

दुसऱ्या सोमवारी बाई खडूचा डबा घेऊन गेल्या तर पॅकिंगच्या खोलीत छतापर्यंत खोकी रचलेली. फाटकावरचा माणूस म्हणाला, "क्लास बंद झाला मॅडम, साहेबांनी सांगितलं नाही का?" साहेब म्हणजे दिपक. साहेबांचा फोन लागेना. चार दिवसांनी लागला तेव्हा म्हणाला, ताई, कामाची गडबड आहे, मग बोलू. बाईंनी समजून घेतलं. एवढी मोठी ऑर्डर, गडबड असणारच. दुसरी पाळी निघाली की वर्गही निघेल, असं त्या स्वतःलाच सांगत राहिल्या.

दुसरी पाळी निघाली नाही. महिना गेला, वर आणखी दिवस गेले, आणि एका दुपारी अर्ध्या दिवसाचा खाडा करून मायाक्का दारात उभी राहिली. बाईंनी आत बोलावलं, पाणी दिलं. तिनं तांब्याला हात लावला नाही.

"रातचं नऊ वाजत्यात आता," ती म्हणाली. "आयतवार बी न्हाय. भिंतीला त्या पाव्हण्यांचा नंबर लावलाय, काय तक्रार आसंल तर करा म्हनून. आमी केला फोन. फोनवरचा पोरगा हिंदीत म्हनतोय, तुमचंच बोलनं आमच्याकडं हाय, तुमी सोताच्या तोंडानं सांगितलंय, कायम सहाला घरी जातो म्हनून. मंग आता उलटं कसं म्हनता?"

मायाक्का आवाज न चढवता बोलत होती. "आमाला वाटलं त्यो धडा हाय. शाळंत सायेब आल्यावर पोरं पाठ म्हनत्यात, तसं. त्या बाईला ती जबानी वाटली. आनि आमचं सोडा. बाई, तुमाला ठावं व्हतं का?"

"नाही हो मायाक्का. शपथेवर सांगते."

"हात तर तुमीच दावला," मायाक्का म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. पाणी तसंच राहिलं.

दिवेलागणीला बाई उठून विजापूर रोडला गेल्या. दिपक नुकताच येऊन सोफ्यावर टेकला होता. ताईचा चेहरा बघून त्यानं प्रतिक्षाला चहा टाकायला आत पाठवलं. बाई उभ्यानंच बोलल्या.

"तुला आधीपासून माहीत होतं?"

दिपकनं एकदा स्वयंपाकघराकडं पाहिलं. "ताई, सगळेच कारखाने करतात. पाहुण्यांनाही ऐकायचंच असतं. कुणाचं काय बिघडलं?"

"दुसऱ्या पाळीचं काय?"

"ते मालकांच्या हातात. मी काय करणार?"

"वाक्य तू दिलंस."

"आणि पाठ करून घ्यायला कुणी शिकवलं?" दिपक म्हणाला. वैतागला होता तो, त्यामुळं जिभेवर ताबा राहिला नाही. "एक वाक्य घोटलं की माणूस पास होतो, हे तूच सांगितलंस ना? मालकांनी विचारलं, बाया डोळे झाकून विश्वास ठेवतील असं कुणी आहे का तुमच्या माहितीत. मी म्हणालो, माझी ताई आहे."

केसानं गळा कापणं म्हणतात ते यालाच. बाईंना वाटत होतं, भावानं आपल्या शिकवण्याला मान दिला, आपली कदर केली. तर त्यानं त्यांचं शिकवणं घेतलंच नव्हतं. घेतला होता तो त्यांचा भलेपणा. पेठेनं आयुष्यभर जो विश्वास टाकला, तो या पोरानं मालकाला नेऊन दिला. ज्याला जवळ बसवून आंब्याचं वाक्य घोटून घेतलं, त्या पोरानं.

"तू काही बोलू नकोस बाहेर," दिपक आता खालच्या आवाजात म्हणाला. "माझी नोकरी जाईल ताई. प्रतिक्षाला दिवस गेलेत." चहा आला होता. बाईंनी प्रतिक्षाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा न घेता जिना उतरल्या.

पुढचे काही दिवस त्यांनी शिकवण्या बंद ठेवल्या. पोरं दारातून परत गेली. त्यांना भावाचा राग होताच, पण रागापेक्षा लाज जास्त जाळत होती. आपण फसलो हे कुणाला सांगायचं, तर ज्यांना आपण फसवलं त्यांना? एका सकाळी कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि शिलाईला सुट्टी मिळाली. पेठेतून जाणाऱ्या दोन बायांकडून ते कळताच बाई मायाक्काच्या खोलीवर गेल्या.

आत सात-आठ बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. कुणी या म्हणालं नाही, कुणी सरकून जागाही दिली नाही. बाई उंबऱ्याशी बसल्या. म्हणाल्या, "त्या दिल्लीच्या मुलीला फोन लावू. कारखान्यात आली तेव्हा तिनं मला तिचा नंबर दिला होता. मी सांगते तिला सगळं."

"तुमी न्हाय," मायाक्का म्हणाली. "आमी सांगनार."

फोन लावला, मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवला. दिल्लीच्या मुलीनं लगेच ओळखलं, खूश झाली. म्हणाली, तुम्ही बाया इंग्रजीत किती छान बोलत होतात, बोला ना.

मायाक्कानं मान हलवली. "आता इंग्रजी नगं. मी माज्या भाषंत बोलनार. बाई, मी म्हनंल त्ये आनि तेवढंच सांगा."

बाईंनी हो म्हटलं. मायाक्कानं मोबाइलकडं बघत सुरुवात केली. "आमी सहाला घरी जात न्हाय." बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. मायाक्का थांबली. तिनं कोपऱ्यात बसलेल्या राजनंदिनीकडं बघितलं. पोरीनं मान डोलावली. मग मायाक्का पुढचं बोलली.

बाईंना आधी वाटलं, पोर आईजवळ आहे म्हणून आई बघत असेल. पण दुसऱ्या वाक्यालाही तेच झालं, तिसऱ्यालाही. बाई सांगत होत्या, आणि त्या बरोबर सांगतायत का हे नववीतल्या पोरीला विचारलं जात होतं. काळ शिकवण्यात ज्यांचं उभं आयुष्य गेलं त्या बाईंचं साधं वाक्य आता साक्षीदाराशिवाय कुणी धरून चालणार नव्हतं. त्या बोलत राहिल्या. आम्ही कधीच सहाला गेलो नाही. आत्ता नऊ वाजतात. रविवार मिळत नाही.

त्या मुलीनं विचारलं, मग तेव्हा तसं का बोललात, तुम्हाला ते कुणी शिकवलं?

बाईंनी प्रश्न मराठीत मायाक्काला सांगितला. स्वतः उत्तर दिलं नाही.

मायाक्का या वेळी मोबाइलकडं न बघता बाईंकडं बघून बोलली. "या बाईनं शिकिवलं. या बाईवर आमचा इस्वास व्हता, म्हनून आमी म्हनलो. हिला हिच्या भावानं फशिवलं आसंल, त्ये हिचं ही बगंल. आमाला मातुर हिनं फशिवलं."

बाईंनी तो खणखणीत आवाज लावला. एक शब्द गाळला नाही, एक शब्द मऊ केला नाही. या बाईनं आम्हाला शिकवलं. हिच्यावर आमचा विश्वास होता. हिच्या भावानं हिला फसवलं असेल. आम्हाला हिनं फसवलं. पलीकडच्या मुलीनं नावं विचारली. बाईंनी आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, मग दिपकचं.

मायाक्कानं पोरीकडं बघितलं. राजनंदिनीला बाईंच्या तोंडाकडं बघवेना. ती खाली बघतच म्हणाली, "व्हय आई. समदं सांगितलं त्यांनी."

"बरं," मायाक्का म्हणाली. "मंग आता मी पुढचं म्हनतो, त्ये सांगा."